गुरुजींच्या खिशातली पोस्टकार्डं

"कोनाची राह्यली काय?"

संध्याकाळची प्रार्थना संपली की गुरुजी एवढंच विचारत. मग डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून थोडा वेळ थांबत. कुणी काही बोललं नाही की "बरं बाप्पा, उठा" म्हणत आणि सतरंजीची घडी घालायला घेत.

या माणसाची नोकरी माझ्या एका शब्दानं गेली. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. वडील होते तोवर त्यांनाही सांगितलं नाही. चर्चमध्ये कबुलीच्या प्रार्थनेतसुद्धा ‘माझी पापं’ असं घाऊक म्हणून सुटत आलो. आज किरकोळीत सांगतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एका मिशन दवाखान्याच्या आवारात वाढलो. वडील पाळक, म्हणजे आमच्या लहानशा मंडळीचे धर्मगुरू. आवारात सगळे आमचेच, त्यामुळे आपण कुणी वेगळे आहोत हे सतरा वर्षं कळलंच नाही. वर्ध्याला कॉलेजात नाव घातलं, एका संस्थेच्या वसतिगृहात जागा मिळाली, आणि ते एका दिवसात कळलं. निघताना वडील म्हणाले होते, "मिरवू नकोस, पण लपवूही नकोस." मी त्यातलं पहिलं अर्धं पाळलं.

पहिल्याच संध्याकाळी खोलीतला मधुकर, आर्वीकडचा, गावातल्या एका घराची गोष्ट सांगत होता. "पावाच्या तुकड्यासाठी बाटले लेकाचे." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. एकदा तसं हसल्यावर मागे फिरायची वाट राहिली नाही. नावाआडनावावरून मी कुणालाही ओळखू येण्यासारखा नव्हतो. माझ्या बायबलला मी भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचं कव्हर घातलं.

अडचण जेवताना येई. प्रार्थना केल्याशिवाय घास उतरत नसे. मग मी भातातले खडे वेचायच्या निमित्तानं मान खाली घालून ती उरकू लागलो.

"काय बे, तुह्याच भातात खडे निंगते काय रोज?" मधुकरनं एकदा विचारलं.

"दात नाजूक आहेत माझे."

गुरुजी वाढप्याच्या मागे उभे होते. त्यांनी ऐकलं.

तुम्हीही असा माणूस कुठल्या तरी संस्थेच्या ओसरीवर पाहिला असेल. खादीची बंडी, तिला पोटावर एक खोल खिसा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सेलूजवळच्या एका खेड्यातून प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. वसतिगृहाचे गृहपती म्हणून संस्थेनं त्यांना ठेवलं होतं. मुलांनी सिनेमाच्या रात्रीच्या खेळाला जाऊ नये म्हणून फाटकाला कुलूप लावत, आणि त्यापायी मुलांच्या शिव्या खात.

खड्यांची गोष्ट घडली त्याच आठवड्यात त्यांनी नवा नियम काढला. ताटं वाढून झाली की सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं. "अन्नाकडे पाहा जरासं. पळून नाई जात ते." मुलं कुरकुरली. मला मात्र त्यांचा डाव लगेच कळला. डोळे कोण मिटतो ते म्हाताऱ्याला पाहायचं होतं. म्हणून ते मिनिटभर मी डोळे टक्क उघडे ठेवून बसे, आणि मिनिट संपलं की पूर्वीसारखा खडे वेचायला लागे.

त्याच्याही आधी, पहिल्या आठवड्यात, माझ्या हातून मोठी चूक झाली होती. आमच्या लोकांत भेटल्यावर ‘सलाम’ म्हणतात. सकाळी अर्धवट झोपेत गुरुजी समोर आले आणि तोंडून सलाम गेला. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली, "सलाम" म्हणाले, बादली उचलली आणि गेले.

मधुकरनं ऐकलं. "तू मुसलमान हायेस काय बे?"

"आजीनं गिरडच्या दर्ग्याला नवस केला होता. तेव्हापासून घरात सवय पडली."

खोटं इतकं छान जमलं की पुढे तो मला त्या दर्ग्याबद्दल खोदून खोदून विचारायचा. मी तोवर गिरड पाहिलंही नव्हतं.

रविवारी सकाळी वसतिगृहात श्रमदान असे. गुरुजींनी पाळ्या लावल्या त्यात सगळ्यांची रविवारी, माझी एकट्याची शनिवारी. मी रविवारी स्टेशनवर पेपर आणायला जातो म्हणून निघे आणि उलट्या वाटेनं चर्चला जाई. शनिवारी एकटा अंगण झाडताना वाटे, या माणसानं मला पद्धतशीर वेगळा काढला आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर माझा धर्म लिहिलेला होता आणि तो फॉर्म त्यांच्याच कपाटात होता. म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असून बोलत का नाहीत? एवढ्या एका प्रश्नावर मी कित्येक महिने झोप घालवली.

आणि वर ते रोजचं विचारणं. प्रार्थनेत गीतेचे श्लोक होत, मग बौद्ध मुलं त्रिशरण म्हणत, हिंगणघाटचा एक मुसलमान मुलगा त्याचं म्हणे. झालं की, "कोनाची राह्यली काय?" कोण उरलं होतं दुसरं?

आता पोस्टकार्डांचं. वडील दर आठवड्याला कार्ड पाठवत. पहिली ओळ ठरलेली: ‘प्रभू येशूच्या नावात सलाम.’ पाकिटात लिहा म्हणायची सोय नव्हती, त्यांनी का म्हणून विचारलं असतं. नियम असा होता की अकराची डाक ओसरीवरच्या टेबलावर मांडून ठेवायची. मुलं एकमेकांची कार्डं मोठ्यानं वाचत, तीच करमणूक. माझं कार्ड मात्र टेबलावर कधीच दिसत नसे. ते संध्याकाळी मिळे. गुरुजी लिहिलेली बाजू तळव्याकडे धरून हातात देत. "हे तुह्यं."

कॉलेजच्या एका सुटीच्या दिवशी मी टाकीवर कपडे धूत होतो. गुरुजी डाक निवडत होते. माझं कार्ड त्यांनी उचललं, चष्म्याजवळ नेलं आणि बंडीच्या खिशात घातलं. अकरापासून सातपर्यंत ते कार्ड त्या खिशात. माझी खात्रीच पटली. वाचतात, आणि काही तरी जमवताहेत.

त्याच सुमारास कुलपावरून वरच्या वर्गातल्या मुलांचं गुरुजींशी वाजलं होतं. त्यांना तक्रारीसाठी कारण हवं होतं. मधुकर त्यांच्यात होता.

"काय बे, तुह्ये कार्डं बुढा खिशात काऊन ठेवते? वाचते काय?"

"वाचतात," मी म्हणालो.

अर्ज झाला. संस्थेच्या तीन सभासदांनी आम्हाला कार्यालयात बोलावलं. खुर्च्या तीनच होत्या, गुरुजी उभे होते. मी पाहिलं ते सांगितलं. ते खरं होतं. वाचतात, हेही सांगितलं. ते मी पाहिलं नव्हतं.

"गुरुजी, डाक टेबलावर ठेवायचा नियम तुमचाच," अध्यक्ष म्हणाले. "मग या एकट्याचीच कार्डं खिशात कशी?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. वर्गात एखाद्याला उत्तर येतंय, तोंडाशी आलंय, असं वाटल्यावर मास्तर थांबतात तसे ते थांबले. त्या थांबण्यात मला सगळं कळलं. माझा रविवार मोकळा ठेवणारी शनिवारची पाळी, माझ्या प्रार्थनेपुरतं ताटावरचं मिनिट, खिसा, सगळं. त्यांना स्वतःला वाचवायचं तर एकच वाक्य पुरे होतं, पण ते माझं होतं. माझ्याआधी ते बोलणार नव्हते.

"काऊन ते विचारू नोका साहेब," शेवटी ते म्हणाले. "चूक झाली."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुला आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

आमच्या शास्त्रात, येशूला पकडल्यावर ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून नाकारणाऱ्या शिष्याची गोष्ट आहे. तो निदान बाहेर जाऊन रडला. मला त्या दिवशी चांगली भूक लागली होती.

आठवड्याच्या आत त्यांना मोकळं केलं. सायकलला ट्रंक बांधून गेले. जाताना मला म्हणाले, "अभ्यास करजो." बाकी काही नाही.

नवा गृहपती नियमाचा पक्का होता. पुढच्याच डाकेला माझं कार्ड टेबलावर आलं आणि मधुकरनं ते मोठ्यानं वाचलं. ‘प्रभू येशूच्या नावात सलाम.’

"किरिस्ताव हायेस काय तू?" मधुकर म्हणाला. "मंग सांगाचं नाई काय बे? म्या फुकट गिरडची माहिती इचारत राह्यलो."

दोन दिवस चिडवलं. तिसऱ्या दिवशी, नाताळात केक आणजो, असं ठरलं. संपलं. ज्याच्या भीतीनं मी एक माणूस घालवला, ते एवढंच होतं.

ऐंशीच्या दशकात, नोकरीला लागल्यावर, मी सेलूजवळच्या त्या गावी गेलो. गुरुजी दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांची मुलगी माहेरीच राहून शेती पाहत होती. जुना विद्यार्थी म्हटल्यावर तिनं चहा केला.

"गावातले लोक पयले बाबाकडूनच पत्र वाचून घेत," ती सांगत होती. "वर्ध्याहून परतले अन् कोनी येईना. लोक म्हनत, पोराइचे पत्र चोरून वाचे म्हनून काढला याले. बाबा काईच बोलले नाई. मायही शेवटपर्यंत इचारत राह्यली त्याइले." मग कप उचलता उचलता तिनं विचारलं, "तुमी तवा तिथंच होते न, दादा? वाचत होते काय हो बाबा?"

मी म्हणालो, "मला आता आठवत नाही."

तिनं मान हलवली आणि मला फाटकापर्यंत पोचवायला आली.

ते वाचत नव्हते. माझं ख्रिस्ती असणं मुलांपासून झाकायला ते माझं कार्ड खिशात ठेवत, आणि हे मला ठाऊक असून मी गप्प राहिलो. एवढं मी त्यांच्या मुलीला, तिच्या दारात उभा राहून, सांगणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.