मीनाक्षीचं मधलंच वाक्य

रवीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटतं की माझं सगळं त्याला ठाऊक आहे. हे नाही ठाऊक. सांगलीला आईला नाही, ऑफिसात कुणाला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी हे टाळून पुढचं बोलते. तुम्हाला सांगते आहे. का, ते मलाही नीट कळत नाही.

रवी आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात आहे, म्हणून आम्ही चेन्नईत आलो. मी अण्णा नगरमधल्या एका छोट्या संस्थेत लागले. सौर आणि पवनऊर्जेचा प्रचार करायचा, कॉलेजांत बोलायचं, किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांत जायचं. तिथं जवळपास नवं अणुवीज केंद्र येणार अशी बोलवा होती आणि माणसं धास्तावली होती. पत्रकं मी लिहायची, भाषणं मी करायची. माझं तमिळ मोडकंतोडकं, पण माझ्याशिवाय होतं कोण?

मग मीनाक्षी आली.

तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेली माणसं. तिच्या मराठीला तमिळ हेल होता, आणि मधेच असा एखादा शब्द यायचा की वाटावं, हा आता पोथीतच उरला असेल. रवी एकदा तिला भेटला आणि आठवडाभर घरात तिची नक्कल करत हिंडला — कौतुकानं. मी पोळ्या लाटत ऐकायची. कोळणींशी ती त्यांच्या तमिळमध्ये बोलायची, चॅनेलवाल्यांशी इंग्रजीत, आणि मला ‘अक्का’ म्हणायची. हे ‘अक्का’ तर मराठी-तमिळ दोन्हींत चालतं. तिचं सगळंच दोन्हीकडे चालायचं.

मी बोलावलेल्या बैठकीत संस्था चालवणारे सर म्हणायचे, “मीनाक्षी, तुला काय वाटतं?” मला चहाचं विचारायचे. अगदीच असं नसेल. पण मला ते असंच आठवतं, आणि हेव्याला तेवढं पुरतं.

एकदा मी एक पोस्टर केलं. देशातली सौर वीज अणुविजेच्या कितीतरी पुढे गेली, असं मोठ्या अक्षरांत. बघून सर खूश झाले. दुपारी मीनाक्षी माझ्या टेबलाशी आली, आसपास कुणी नाही हे बघून खुर्ची ओढून बसली.

“अक्का, रागवू नका. ही तुलना बरोबर नाही. तुम्ही दोन्हीकडे क्षमता धरलीत, म्हणजे जास्तीत जास्त किती वीज निघू शकते ते. पण पॅनेल रात्री वीज देत नाही, ढग आले की कमी देतं. अणुभट्टी रात्रंदिवस चालते. प्रत्यक्ष किती वीज तयार झाली ते घेतलं, तर चित्र वेगळं दिसतं.”

“लोकांना एवढं कुठं कळतं?” मी म्हटलं.

“म्हणूनच ना अक्का. त्यांस कळत नाही म्हणून आपण खरं सांगायचं. उद्या कुणी पकडलं तर आपलं खरं असलेलंही कुणी ऐकणार नाही.”

तिनं हे सरांना सांगितलं नाही. कुणालाच नाही. मी पोस्टर बदललं आणि बदल मलाच सुचला असं सगळ्यांना वाटू दिलं. तिनं मला चारचौघांत उघडं पाडलं असतं, तर मी भांडले असते, रडले असते, विसरले असते. तिनं मला सांभाळून घेतलं. ते काही केल्या गिळता येईना.

आता पुढचं. थोडं थांबून सांगते.

तिच्या घरी मी जायची. तिचे वडील, राव काका, स्वतः फिल्टर कॉफी करून द्यायचे. एकदा ते आत गेल्यावर मीनाक्षी हळूच म्हणाली की बाबांची सगळी नोकरी एका अणुवीज केंद्रात झाली. “ऑफिसात बोलू नका, अक्का. मग मी काय म्हणते ते कुणी ऐकणार नाही. बाबांकडेच बोट दाखवतील.” मी तिचा हात दाबला. कुणाला नाही सांगणार म्हटलं. तेव्हा ते खोटं नव्हतं.

त्यानंतर एका कॉलेजात कार्यक्रम होता. एका मुलीनं विचारलं, चालू असलेली अणुवीज केंद्रं उद्याच बंद करावीत का? मीनाक्षी म्हणाली, उद्या बंद केली तर ती वीज कोळशातून येईल, आणि त्याची राख शहराच्या उत्तरेकडच्या वस्त्यांवर पडेल. म्हणून ‘आज अणुवीज लागणारच’ असं कुणी म्हणालं, तर मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. पण किनाऱ्यावरच्या लोकांना न विचारता नवं केंद्र उभं करायला माझा विरोध आहे, आणि राहील.

सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मांडीवर मोबाइल होता, त्यात सगळं रेकॉर्ड होत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, समोर पुळीसादमचा डबा उघडा — चिंचेचा भात, मीनाक्षीनंच माझ्यासाठी आणलेला — मी ते रेकॉर्डिंग कापलं. पुढचं कापलं, मागचं कापलं. मधलं तेवढं ठेवलं : “आज अणुवीज लागणारच.” आणि सेल्वमला पाठवलं. किनाऱ्यावरच्या आंदोलनात तो पुढे असायचा, तापट पण सरळ माणूस. खाली लिहिलं, “हिचे वडील कुठे नोकरीला होते ते विचारा. माझं नाव नको.” मग तो भात खाल्ला. सगळा.

सेल्वमनं माझं नाव कधीच सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत ते, वडिलांच्या नोकरीसकट, सगळ्या वस्त्यांत फिरलं. ज्या बायकांबरोबर मीनाक्षी मासळी निवडत बसायची, त्यांनी तिला पाहून दारं लावून घेतली. एकीनं विचारलं, तुला किती मिळाले? सरांनी पूर्ण भाषण दाखवू म्हटलं, पण पूर्ण भाषण कोण बघतं? कापलेलं पुढे निघून गेलं होतं. थोड्याच दिवसांत तिनं राजीनामा दिला.

जाताना ती माझ्या गळ्यात पडली. “कोणी केलं असेल, अक्का? बाबांचं तर मी फक्त—” आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग स्वतःच मान हलवून म्हणाली, “नाही, शेजारी कुणाला ठाऊक असेल.”

मी म्हटलं, “असेल.”

तिची जागा मला मिळाली. चॅनेलवाले मला बोलावू लागले. आणि सांगू? मला बरं वाटलं. पुष्कळ दिवस बरं वाटलं. ती कोइंबतूरला पवनचक्क्यांच्या कंपनीत लागली, तिचं तिथंही छान चाललं, आणि ते ऐकून मला पुन्हा तिचा हेवा वाटला. मला हवं ते सगळं मिळवूनही.

एवढंच असतं तर कदाचित मी आजही बोलले नसते.

राव काका आजारी पडल्याचं कळलं म्हणून मी भेटायला गेले. मीनाक्षी कोइंबतूरहून आली होती; ती औषधं आणायला खाली गेली होती. काका उशीला टेकून बसले होते, खूप वाळलेले. म्हणाले, “तुम्ही तिच्याजवळच्या. खरं सांगा. माझी नोकरीच तिला आड आली ना? मी दुसरीकडे असतो, तर लेकरावर हे आलं नसतं.”

खोलीत आम्ही दोघंच होतो. मला फक्त नाही म्हणायचं होतं. माझं नाव न घेताही म्हणता आलं असतं — नाही काका, तुमचा काय दोष? पण नाही म्हटलं, तर मग दोष कुणाचा, हा प्रश्न उरला असता. आणि मीनाक्षीची पावलं जिन्यावर वाजत होती.

मी म्हटलं, “हो, काका. लोक तसलेच असतात.”

त्यांनी मान डोलावली. मीनाक्षी आत आली तेव्हा त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि तिची क्षमा मागितली. ती म्हणत राहिली, कशाची, बाबा, कशाची? मी शेजारी उभी होते.

ते त्याच आजारात गेले.