सईच्या चेटकिणीचा हेवा

आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, नाहीतर पोट फुटेल माझं! आज दप्तरखान्यात माझी मैत्रीण सई इंग्रजांच्या काळातला एक जबाब वाचत होती आणि वाचता वाचता तिचं बोट एका ओळीवर थांबलं. तिच्या खापरपणजीवर गावाने चेटकीण म्हणून आळ घेतला होता, तिचाच जबाब. "माझं नाव भागी. शेजारणीची म्हैस आटली ती माझ्यामुळे नाही."

सईला रडू फुटलं. आणि मी? मी चक्क जळत होते!

"अगं, गावाबाहेर काढलं तिला, आणि तू जळतेस?" सई डोळे पुसत म्हणाली.

"तुला तिचं नाव तरी मिळालं ना!"

आमची वंशावळ मला आठ पिढ्या पाठ आहे, पण त्यात सगळे पुरुषच. बायकांची माहेरची नावं लग्नात बदलली, तांदळात लिहिलेली नवी नावंही कुणी जपली नाहीत. आमच्या बायकांवर कुणी आळ घेतला नाही, म्हणून नावसुद्धा कुणी विचारलं नाही.

सईने बोट उचललं, तेव्हा मी हळूच माझं बोट 'भागी'वर ठेवलं.

तुम्हालाही कधी दुसऱ्याच्या खापरपणजीचा असा हेवा वाटलाय का हो?