शेवटचा तुकडा विरघळेपर्यंत

संप लांबला तशी गिरणगावातली बायकापोरं कोकणात जायला लागली. आईही धाकट्याला घेऊन गावी गेली. माझी सातवी बुडू नये म्हणून मी वडिलांजवळ लालबागच्या खोलीत राहिले. भात करपला की आम्ही एकमेकांवर ढकलायचो.

आमचे विज्ञानाचे सर सगळे प्रयोग फळ्यावरच उरकायचे. एकदा मात्र त्यांनी गोळेवाल्याकडून बर्फ मागवला, काचेच्या भांड्यात घातला, त्यात तापमापी धरली आणि आम्हाला पाळीपाळीने पारा बघायला लावलं. बाहेर रणरणतं ऊन, बर्फाचं पाणी होतंय, आणि पारा शून्यावरून हलेना. "एक तुकडा उरलाय तोवर हलणार नाही," सर म्हणाले. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे तुझ्यासारखाच हट्टी."

त्याच आठवड्यात, सकाळी दात घासता घासता छातीत कळ आली आणि वडील गेले. गावी तार केली. गावची माणसं पोचेपर्यंत आमच्याकडे मयताला बर्फावर ठेवतात. मासळीबाजारातून भुशात गुंडाळलेली लादी आली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तरी आईचा पत्ता नव्हता. शेजारचे काका गिरणीत वडिलांच्याच खात्यात होते. ते म्हणाले, "आता उचलूया. बर्फ संपला."

"नाही संपला," मी म्हटलं. गोणपाटाखाली हात घालून तुकडे काढून दाखवले. शून्याचं सगळं सांगितलं, सरांच्याच शब्दांत. एरवी 'मोठी आली शिकवणारी' म्हणणारे काका परत जिन्यावर जाऊन बसले. आईने बघण्याआधी वडिलांना नेलं असतं, तर मी जन्मभर कुणाला माफ केलं नसतं. उरलेले तुकडे मी वडिलांच्या कुशीला लावत राहिले.

आणि आई आली. धाकटा कडेवर पेंगत होता. मला वाटलं, जिंकले.

तिने वडिलांच्या गालावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

"तेंका थंडी सोसणा नाय, म्हायत नाय तुका?"

धाकट्याला खाली ठेवून ती एकेक तुकडा उचलून मोरीत टाकायला लागली. काका धरायला गेले, तर तिने त्यांचा हात झिडकारला. मग मीही तिच्याशेजारी बसले आणि बर्फ काढू लागले.