म्हशीने तोंड लावलेलं पाणी

संक्रांतीनंतरचा सोमवार, सन १९६४. हजर: गावचे सरपंच, नाल्याच्या खालच्या अंगाचे एक शेतकरी, त्यांची म्हैस, आमच्या खांडसरीचा, म्हणजे देशी साखरेच्या कारखान्याचा, मुकादम, आणि कोठार सांभाळणारी मी, घरची थोरली सून.

प्रश्न एकच होता. साखरेच्या कढया धुतलेलं मळीचं पाणी नाल्यात जाई, सडे, आणि खालची गुरं तहानलेलीच परत येत. म्हैस पाणी प्यायली नाही तर भट्टी बंद, असं पंचायतीत ठरलं होतं.

उपाय मला आमच्याच गटारापाशी सापडला. पाणी जिथे दगडगोट्यांवरून झिरपे, तिथे त्यांच्यावर बुळबुळीत साय धरे आणि पुढे वास कमी येई. मग मी खड्डा खणवला, काठापर्यंत गोटे रचून घेतले आणि वरून धुवण थोडं थोडं सोडलं. हळूहळू गोटे बुळबुळीत झाले, खालून नाल्यात जाणारं पाणी निवळलं.

पण सरपंच पहिल्यांदा आले तेव्हा म्हशीने नुसतं हुंगलं आणि पाठ फिरवली. मी खड्ड्यात वाकून पाहिलं. गोटे लख्ख.

"हाई कोनी करं?" मी विचारलं.

"आम्हीच," मुकादम ऐटीत म्हणाला. "राख लाईसन घासात. पाव्हना येनार, दगड काय असाच बुळबुळीत ठेवाना?"

खांडसरीत रोज संध्याकाळी कढया राखेने घासायची रीतच होती. त्याच हाताने त्याने काम करणारी साय घासून टाकली होती. मी संक्रांतीपर्यंत मुदत मागून घेतली, राखेचा ढीग लांब हलवला आणि गोट्यांना हात लावायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं. गोट्यांवर साय पुन्हा धरली.

त्या सोमवारी शेतकरी म्हणाले, "वहिनी, तुमन्ही साखर गोड शे, पन मन्ही म्हैस भोळी नही."

"मंग तिलेच इचारा," मी म्हटलं.

म्हैस फुरफुरली, मान खाली घातली आणि पीतच राहिली. सरपंच हसून म्हणाले, "आते हिले थांबाडा, नाल्यात काही ऱ्हाऊ द्या." भट्टी वाचली. मुकादमाने सगळ्यांना गूळ वाटला.

पुढे रसायनशास्त्र शिकलेल्या भाचीने सांगितलं, की सायीतले जिवाणू विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार करतात आणि ती घाण तोडतात. आता म्हणे नुसती विकरंच मण्यांवर पक्की बसवतात, म्हणजे ती पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. मला ते लगेच पटलं. आमचं सगळं काम गोट्यांना चिकटूनच झालं होतं.

नाल्याच्या तळाचा जुना काळा गाळ मात्र अजून उपसायचा राहिला आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की माणसं लावायची.