नाळीला नमस्कार

अबू धाबीच्या शस्त्रप्रदर्शनात मालवणच्या भिकाजी सुताराने रशियन युद्धनौकेचं मॉडेल टेबलावर चढवलं आणि सवयीने नाळीला, जहाजाच्या पुढच्या टोकाला, हात लावून तो कपाळाला नेला. गावी होडीत चढताना सगळेच असं करतात.

"काका, हिच्या कसले पाया पडता?" जोडीदार सोमनाथ हसला. "या झाकणांखाली मिसाइलं असतात. शेकडो मैलांवरचं जहाज खलास!"

"कोणाचा जहाज?"

"सांगतील ते."

भिकाजीचा मुलगा बाबू तेलाच्या टँकरवर खलाशी होता आणि टँकर सध्या काळ्या समुद्रात, युद्धाच्या तोंडाशी होता.

"जहाजातली माणसां दिसतत मिसाइल सोडणाऱ्यांका?"

"छे! स्क्रीनवर नुसता ठिपका. यल्ला, चला, काच बसवू."

भिकाजी जागचा हलला नाही.

"म्हणजे माझो बाबू पण ठिपकोच," तो म्हणाला.