दात मागितले, हसू मिळालं

ज्या लग्नाच्या वरातीत हसनैनचाचांचा क्लॅरोनेट वाजला नाही, ते लग्न तेल्हाऱ्यात निम्मंच लागलं असं लोक मानत. पण साठी उलटली आणि चाचांचे समोरचे दात एकेक करून गेले. फुंकर मारली की सुराऐवजी नुसती हवा निघायची. तसंही कापसाला भाव नव्हता, लग्नं चहापोह्यांवर उरकत होती. बँड सांगणार कोण? चाचांनी वाद्याची पेटी पलंगाखाली सारली.

त्याच सुमारास वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या दिल्लीच्या कानावर गेल्या आणि मदतीचा पूर आला. त्या पुरात अमरावतीच्या एका संस्थेच्या मॅडमही तेल्हाऱ्याला येऊन लागल्या. म्हाताऱ्यांसाठी आरोग्ययोजना आखायची, आणि ती म्हाताऱ्यांनाच विचारून, असा वरून आदेश होता. सगळे समाजमंदिरात जमले. कोणी काही विचारायची सवयच नसल्यानं आधी सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी चाचा उठले.

"मॅडम, आमाले दात पायजेत."

"मले तं भाकर चहात बुडवून खा लागते," शेजारच्या पार्बताबाईंनी दुजोरा दिला. मग अख्ख्या सभेनं दातच मागितले.

मॅडमनी मान डोलावत सगळं लिहून घेतलं. पण पैसा मंजूर झाला होता मानसिक ताण घालवायला. दात त्यात बसेनात. पुढच्या महिन्यात गावात हास्य क्लब सुरू झाला.

रोज सकाळी टी-शर्ट घातलेला एक प्रशिक्षक पोट धरून हसायचा. म्हातारे त्याच्याकडे बघत बसायचे.

"हसा ना काका, मनापासून!"

"पन काहून? झालं काय?" चाचा विचारत. ह्याचं उत्तर प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

क्लबच्या रीतसर उद्घाटनाला मोठे साहेब आणि पेपरवाले येणार, असं कळलं. चाचांनी आदल्या दिवशी घरोघर फिरून बजावलं, "उद्या लाजाचं नाई. तोंडाले पदर लावाचा नाई, रुमाल लावाचा नाई. घसा दिसंपर्यंत हासाचं!"

तसंच झालं. साहेबांनी कौतुकानं टाळ्या सुरू केल्या आणि त्यांचे हात मध्येच थांबले. समोर ओळीनं नुसत्या हिरड्या. साहेबांचा चेहरा बघून चाचांना मात्र खरंखुरं हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

फोटो पेपरात छापून आला आणि लगोलग दातांचं शिबिर लागलं. कवळ्या आल्या त्या दिवशी पार्बताबाईंनी फुटाणे खाऊन पाहिले. चाचांच्या क्लॅरोनेटमधून आधी बकरी ओरडली, मग हळूहळू सूर लागला. संस्थेच्या अहवालात छापलं होतं, 'हास्य क्लबमुळे ज्येष्ठांच्या मुखावर तेज आले.'

पुढच्या वर्षी पुन्हा बैठक.

"आता कानाचं पाहा. मले आयकू येत नाई," पार्बताबाई म्हणाल्या. मॅडम लिहू लागल्या. चाचा उठले आणि खुर्ची ओढून थेट त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले.

"काय लिवलं, वाचून दाखवा ना."

मॅडम घुटमळल्या. "श्रवणानंद भजन मंडळ."

"खोडा."

"काका, ते बजेटमध्ये..."

"खोडा मॅडम. आमाले घाई नाई, आमी बसून रायतो."

मॅडमनी सभेकडे पाहिलं. खरंच कोणी उठायच्या बेतात नव्हतं. त्यांनी खोडलं, आणि चाचांनी सांगितलं तसं 'कानाचं मशीन' लिहिलं.

"काय म्हनते ते बाई?" मागून पार्बताबाईंनी विचारलं.

चाचांनी त्यांच्या कानाशी जाऊन, सगळ्या समाजमंदिराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.