मनगट आणि केरसुणी

स्वसंरक्षण शिकायला गेले आणि पहिल्याच दिवशी माझ्या हातात झाडू आला.

दिवेआगरच्या आमच्या वाडीपासून जरा पुढे, बोर्लीच्या रस्त्याला एक बंद पडलेलं मंगल कार्यालय होतं. ते पुण्याच्या एका सरांनी भाड्यानं घेतलं आणि बाहेर फलक लावला. कराटे आणि ध्यान, सकाळी सहा ते साडेसात, वयाची अट नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची. ती शेवटची ओळ दोनदा वाचली आणि आत जाऊन नाव घातलं.

का घातलं, तेही सांगते. वादळात आमच्या सुपारीची निम्मी झाडं आडवी झाली, तेव्हापासून घराच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. जेवण माझ्या हातचं. गेल्या थंडीत मुंबईचं एक टोळकं उतरलं होतं. मी सोलकढी वाढत होते, तेवढ्यात त्यातल्या एकानं माझं मनगट धरलं. "वहिनी, या हाताला काय चव आहे!" म्हणाला. धरलेला हात सोडेना. बाकीचे हसले. आणि मीही हसले.

ते हसणं मला अजून गिळता येत नाही. त्या माणसाचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग माझ्या चेहऱ्याचा आहे. पाहुणा दुखावू नये, एवढा हिशेब त्या चेहऱ्यानं मला न विचारता परस्पर करून टाकला. नवरा मागे परड्यात नारळ सोलत होता. त्याला मी हे आजवर सांगितलेलं नाही. धरलेला हात सोडवून कसा घ्यायचा, एवढंच मला शिकायचं होतं. काळा पट्टा आणि मनःशांती ज्यांना हवी त्यांनी घ्यावी.

तर तिथला नियम असा की नव्यानं आधी हॉल झाडायचा. "फरशीवरची धूळ नाही, आपण अहंकार झाडतो," असं सर म्हणाले. माझ्याबरोबर त्याच दिवशी एक जोडपं आलं होतं. दोघंही आधी किहीमला बंगला भाड्यानं घेऊन राहिलेले, आता आमच्या गावात मुक्काम हलवलेले, दिवसभर लॅपटॉपवर काम करणारे. त्या बाईंनी झाडू असा धरला होता की केर बाजूला आणि धूळ सगळ्यांच्या नाकात. तिसऱ्या दिवशी सरांनी दोघांकडून झाडू काढून घेतले. "तुमचं झालं, या रांगेत."

माझं काही झालं नाही, आणि त्याला कारण मीच. दुसऱ्या दिवशी मी घरून स्वतःची केरसुणी नेली होती. तिथला प्लास्टिकचा झाडू वाळू उचलतच नव्हता, नुसती इकडची तिकडे करत होता. हे बघून गप्प बसेल अशी एक बाई आमच्या आळीत सापडायची नाही. मी कोपरे काढले, खिडक्यांच्या खाचा काढल्या, वर ओलं फडकं फिरवलं. सर आले, फरशीकडे बघत राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "ताई, हेच ध्यान!" खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरं वाटलं. मूर्ख कुठली.

दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला. इतरांच्या मुठी आवळून झाल्या, लाथा सुरू झाल्या. मी आपली झाडते आहे. झाडून झालं की सतरंज्या झटकायच्या, मग फडकं धुवायला मागच्या नळावर जायचं, मग येऊन पाठीमागे डोळे मिटून बसायचं. डोळे मिटले की मला माझं मनगट दिसायचं.

जाऊबाईंच्या तोंडाला कधी कुलूप नसतंच. एका सकाळी केरसुणी काखेत धरून मी निघाले, तर पायरीवरून म्हणाल्या, "बाय, फी भरून झाडू माराला जातेस व्हय? घरात काय अंगान न्हाय?" मी केरसुणी दुसऱ्या काखेत घेतली आणि चालू लागले.

आणि त्याच दिवशी मी नळावर फडकं पिळत असताना आतून सरांचा आवाज आला. "समोरच्यानं मनगट धरलं तर मागे ओढायचं नाही. त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका द्यायचा." मी जागच्या जागी थांबले. ज्या एका धड्यासाठी मी आले होते, तो आत चालू होता, आणि मी बाहेर फडकं पिळत होते. अंगाची लाही झाली. आत गेले तोवर सगळे डोळे मिटून बसले होते.

दुसऱ्या दिवशी केरसुणी दाराशी टेकवली आणि हॉल न झाडता सरळ रांगेत जाऊन उभी राहिले.

सर जवळ आले. "ताई, अजून थोडे दिवस. झाडताना तुमची जी एकाग्रता असते, ती या कुणाकडेच नाही."

"सर, मी सात वर्षांची असल्यापासून अंगण झाडते," मी म्हटलं. "झाडून ध्यान लागत असतं, तर आमच्या आळीतल्या समद्या बायका कवाच्या समाधीत गेल्या असत्या."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सरही हसले. "राग सोडा," असं म्हणून मला दाराकडे न्यायला त्यांनी माझं मनगट धरलं. त्यात वाईट काही नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. वडीलधाऱ्या बाईला धरून न्यावं तसंच धरलं होतं. पण मनगट तेच होतं.

आणि ओठांवर ते हसू यायला लागलं. येतंय, हे मला कळत होतं. मी दात आवळले.

"हात सोडा."

आवाज चढला नव्हता. अंगठ्याची बाजू वगैरे मला आठवलीसुद्धा नाही. त्यांनी हात सोडला.

इथे सर गप्प राहिले असते तर मला आवडलेही असते. पण ते वळले आणि सगळ्यांना म्हणाले, "बघितलंत? हाच पहिला धडा. यासाठीच यांना मी इतके दिवस थांबवलं होतं."

माझं डोकंच फिरलं. "हे तुम्ही शिकवलेलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही मला झाडायला लावलं होतंत."

किहीमकडच्या त्या बाई सरकल्या आणि त्यांनी शेजारी मला जागा करून दिली. त्या सकाळी मी मुठी आवळायला शिकले.

दुसऱ्या दिवशी केरसुणी घरीच ठेवून गेले. हॉल कुणीच झाडला नव्हता. सगळ्यांच्या पायांबरोबर आलेली वाळू पावलागणिक कचकचत होती. सरांनी एकदा फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी रांगेत तिसरी उभी होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि हसले नाही.